डोलीमागचं अंगण

डोळ्यांत थेंब घालून मला भिंतीशी बसवून ठेवलं होतं. डोळे मिटून बसा माताजी, उघडायचे नाहीत, असं नर्स सांगून गेली होती आणि मी मुकाट्याने बसले होते. दुसऱ्या दिवशी माझ्या मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं, त्याआधीची ही तपासणी. दवाखाना लुधियान्यात आमच्या घरापासून लांब नाही. सून परविंदर मला सोडून कारखान्यावर गेली होती आणि तासाभराने न्यायला येणार होती. डोळे मिटलेलं माणूस नुसत्या कानांनी बसतं. शेजारी कुणीतरी संत्रं सोलत होतं, त्याचा बारीक फवारा माझ्या हातावर उडत होता. वर कुठेतरी टीव्हीवर जुना पंजाबी सिनेमा चालला होता. जुना, हे आवाजावरूनच कळतं. त्या सिनेमांत माणसं बोलायला लागली की मागे एकसारखी खरखर असते, तव्यावर मीठ पडल्यासारखी. नायकाच्या मित्राने काहीतरी विनोद केला, मग ढोल, मग पेटीच्या साथीवर नायिकेचं गाणं, आणि ते संपल्यावर वाद्यं थांबली. नुसत्या बायका गायला लागल्या. लेकीची डोली निघताना गातात ते. आणि त्या घोळक्यात ईशरो चाचीचा आवाज होता.

ईशरो चाची म्हणजे माझ्या धाकट्या काकांची बायको. ती जाऊन वीसेक वर्षं झाली होती. तिचा आवाज वरच्या पट्टीत फाटायचा, पण म्हणून ती खाली यायची नाही, फाटक्या आवाजानेच आणखी वर चढायची, आणि बाकीच्या बायका तिला खाली ओढायला म्हणून जोरात गायच्या. तो आवाज दुसऱ्या कुणाचा असणं शक्यच नव्हतं. मी डोळे उघडले. समोर दूध सांडल्यासारखा उजेड होता, त्यात काळपट काहीतरी हलत होतं. मी उठून टीव्हीच्या अगदी खाली गेले, तरी तेवढंच. परत येऊन चाचपडत बसले.

"काय दिसतंय?" मी शेजारणीला विचारलं.

"कुठे?"

"टीव्हीत."

"डोली चाललीय."

"दार कसंय मागचं? लाकडी, मोठ्या खिळ्यांचं?"

"दारासारखं दार आहे, बहनजी."

"बायका आहेत?"

"ढीगभर."

"त्यांत एक उंच, किडकिडीत बाई... हनुवटीवर गोंदलेलं..."

"अहो, ओढणीत सगळ्यांची तोंडं! रडतायत सगळ्या. जुन्या सिनेमात दुसरं काय असतं? संत्रं घ्या."

"नीट बघा ना जरा."

"काय बघू? संपलं. आता साबणाची जाहिरात लागलीय. बाई मात्र छान आहे हो साबणाची."

मी तिथे बसून राहिले आणि माझ्या गालांवरून पाणी वाहत होतं. नर्स ओरडली, "माताजी, डोळे उघडले ना? सगळं औषध बाहेर! आता परत घालावं लागणार." मी म्हटलं, घाल.

तो आमचा सिनेमा होता. गावात सगळे त्याला 'आपला सिनेमा' एवढंच म्हणायचे. मुंबईच्या मंडळींनी पेटीवर एक नाव लिहून आणलं होतं, पण पुढे ते नाव बदललं असं कळलं, आणि नवं नाव काय ते आमच्यापर्यंत कधी आलंच नाही. गाव जगरांवच्या अलीकडे. हिवाळ्याचे दिवस होते, गुऱ्हाळं चालू होती, सगळ्या गावाला गुळाचा वास यायचा. आमच्या घराचं दार मोठं होतं आणि अंगणात विहीर होती, म्हणून त्यांनी आमचं घर निवडलं. दारजी, म्हणजे माझे वडील, इतके खूश झाले की त्यांनी आमची म्हैससुद्धा हौसेने धुऊन बांधली. दिग्दर्शक गोल गरगरीत होता, कानटोपी घालायचा. राहायचा मुंबईत, पण बोली अजून लायलपूरची होती. आमची माणसंही फाळणीत तिकडूनच आली होती, त्यामुळे तो बेबेला, माझ्या आईला, दोन दिवसांत 'भाभी' म्हणायला लागला आणि चुलीपाशी बसून मक्याची रोटी मागून खायला लागला. नायिका मुंबईची होती. तिला पंजाबी फारसं येत नव्हतं, ओळी पाठ करून ओठ हलवायची. दिसायला मात्र अशी की आम्ही मुली तिच्या मागे मागे विहिरीपर्यंत जायचो आणि तिने मागे पाहिलं की उगाच गवत उपटायला लागायचो.

डोलीचं दृश्य घ्यायचं त्या दिवशी ती डोलीत बसेना. आधीच्या कुठल्या सिनेमात भोयांनी तिला पाडलं होतं म्हणे. तिला ताप भरला, की तिने तो भरवला, ईशरो चाचीचं मत दुसरं होतं. दिग्दर्शक अंगणात येरझारा घालत होता. मग त्याची नजर माझ्यावर आली. तेवढीच उंची, तेवढेच खांदे.

"भाभी, मिंदोला बसवू या. तोंड दिसणार नाही, एवढा लांब घुंगट."

दारजी म्हणाले, "मुलगी ठरलेली आहे. बैसाखीनंतर रायकोटला द्यायची आहे."

"मग बरंच की! तालीम होईल."

बेबेने हात पुसले. "लग्न खोटं ना?" तिने विचारलं.

"पहिल्यापासून शेवटपर्यंत खोटं."

"मग करू या," ती म्हणाली आणि आत गेली.

तिथवर सगळं ठीक होतं. पण माझे करतार मामा त्या दिवशी आमच्याकडे आले होते, शूटिंग बघायला. आमच्यात नवरीच्या हातांत लाल-पांढऱ्या बांगड्यांचा चूडा मामा भरतो. सिनेमातल्या मामाचं काम करणारा नट जगरांवला गाडी बिघडून अडकला होता. दिग्दर्शकाने माझ्या मामांना पुढे केलं आणि म्हणाला, नुसत्या सरकवा, हात तेवढे दिसतील. मामांनी बांगड्या हातात घेतल्या आणि खाली ठेवल्या.

"दूध आणा," ते म्हणाले. "दूध-पाणी. त्यात बुडवल्याशिवाय भाचीच्या हातात चूडा जात नसतो. आणि हे उपाशीपोटी करायचं असतं. मी काही खाल्लेलं नाही सकाळपासून, मला वाटलंच होतं."

"सरदारजी, सिनेमा आहे."

"तुमचा असेल. भाची माझी आहे."

कॅमेऱ्याची माणसं हसली. मग मामांनी एकेक बांगडी दुधात बुडवून माझ्या हातात चढवायला सुरुवात केली, तेव्हा कुणी हसेना. बायका आपसूक गायला लागल्या. कुणी त्यांना सांगितलं नव्हतं. सिनेमातलं गाणं मुंबईत आधीच भरून आणलं होतं, यंत्रावर वाजायचं होतं, पण दिग्दर्शकाने हातानेच खूण केली की चालू दे, आणि आवाज धरायचं यंत्र बायकांजवळ सरकवलं. मला त्यांच्या पेटीतला लाल रेशमी पोशाख घातला होता, त्याला कुणाच्यातरी अत्तराचा वास होता. घुंगटाच्या आत लाल उजेड होता आणि मला फक्त माझे पाय दिसत होते. दोन्ही बाजूंनी माझ्या खऱ्याच चुलतभावांनी धरलं होतं. धाकटा वेडा मुसमुसत होता. निघालेल्या मुलीने मागे वळून बघायचं नसतं, ते मला कुणी सांगायची गरज नव्हती. मी बघितलं नाही. मागे अंगणात काय चाललं होतं ते मला इतकी वर्षं माहीत नव्हतं. डोलीत बसले, पडदा पडला, भोयांनी उचललं, आणि खांद्यांच्या त्या हेलकाव्यात मला खरोखरच वाटलं की मी चालले. कुठे, ते नाही. नुसतं, की चालले.

भोयांना थांबा म्हटलेलं ऐकूच गेलं नाही. ते आपले कालव्यापर्यंत गेले. मग मागून एकजण धावत आला, तेव्हा त्यांनी मला उतरवलं, आणि तो भरजरी पोशाख गुडघ्यांपर्यंत उचलून, जुत्या हातात घेऊन मी उसातून चालत घरी आले. स्वतःच्या डोलीच्या वाटेने परत आलेली मी एकटीच मुलगी असेन. अंगणात तोवर तारा गुंडाळणं चाललं होतं. बेबे चुलीपाशी होती, पाठमोरी.

"आलीस?" ती म्हणाली. मान वर केली नाही. "कपडे बदल, त्यांचे आहेत ते. आणि कणीक मळायला घे, तीस माणसं जेवायची आहेत."

बस, एवढंच. मी कितीदा तरी त्या पाठीकडे बघत राहिले आहे. म्हणजे आता, इतक्या वर्षांनी, सकाळी जप करताना, भाजी निवडताना. ती पाठ मला हुबेहूब दिसते, ओढणीखाली वेणीचा फुगवटा, चुलीच्या धगीने ओला झालेला खांद्याचा भाग. तोंड दिसत नाही. ईशरो चाची म्हणायची, तुझी आई इतकी रडली की आम्ही तिला पाणी मारलं. माझी चुलतबहीण म्हणायची, कुठची, ती हसत होती, सिनेमातली आई ग्लिसरीन घालून रडत होती ते बघून. दारजींना विचारलं तर म्हणाले, ती बाहेर आलीच नाही, आत स्वयंपाक कोण करणार होतं? जितकी माणसं तितक्या आया. तिला विचारायला हवं होतं, पण आईला असं कोण विचारतं, की मी गेले तेव्हा तू रडलीस का? आणि तेव्हा वाटलं होतं, विचारण्याची गरज काय, खरी डोली निघेल तेव्हा दिसेलच.

खरी डोली निघाली नाही. महिनाभराने रायकोटहून नाईण आली. लग्नांचे निरोप तीच इकडून तिकडे न्यायची. ती ओसरीवर बसली, ताक प्यायली, इकडच्या तिकडच्या गोष्टी केल्या आणि मग शकुनाचे नारळ-पैसे पदरातून काढून ठेवले. म्हणाली, ते लोक म्हणतात, मामाने उपाशीपोटी चूडा भरला, बायकांनी गाणी म्हटली, भावांनी हात धरून बसवलं, सगळं रीतीने झालं. आता एकदा निघालेली मुलगी आम्ही कुठल्या तोंडाने आणायची? दारजी संतापाने उभे राहिले. "सिनेमा होता तो!" नाईण म्हणाली, "सरदारजी, मला काय सांगता? मीसुद्धा रडले होते." बेबेने नाईणीला जाताना पसाभर गूळ बांधून दिला, नेहमीसारखा. त्या दिवसापासून मामा आमच्याकडे यायचे थांबले, शरमेने. आणि भादोंत, म्हणजे भाद्रपदात, बेबेला विषमज्वर झाला आणि ती गेली. तिचा एकही फोटो नाही. लायलपूरकडे एक काढला होता म्हणतात, तो तिकडेच राहिला. ती गेली तेव्हा सदतीसची असेल, फार तर अडतीस. हळूहळू तिचा चेहरा माझ्यापाशीसुद्धा पुसला गेला. हनुवटीवरचं गोंदण राहिलं, बाकी मी इतर बायकांकडून उचलून तिथे लावत गेले.

दोन वर्षांनी मावशीने मला लुधियान्यात आपल्याकडून दिलं. सकाळी गुरुद्वारात आनंदकारज, दुपारी रिक्षाने सासरी. मावशी रडली, पण ती कुणाच्याही लग्नात रडायची. माझे सरदारजी चांगले होते. स्वेटर विणायच्या यंत्रांवर काम करत करत त्यांनी स्वतःचा कारखाना उभारला. लग्नानंतर थोड्याच दिवसांत मी त्यांना सगळं सांगितलं, वाटलं होतं हसतील. ते म्हणाले, "मग शोधू या. पंजाबी सिनेमे काय हजार निघतात का?" आणि खरोखर, शहरात कुठलाही पंजाबी सिनेमा लागला की ते संध्याकाळी हात धुऊन यायचे आणि म्हणायचे, चल मिंदो, तुझं घर लागलंय का बघू. भाजलेले दाणे घेऊन आम्ही वर बायकांच्या बाजूला बसायचो, तिथे त्यांना बायका टाकून बोलायच्या, 'भाऊजी, खाली जागा नाही का?' पाट्या सरकायला लागल्या की मी दाणे खायचं थांबवायची. प्रत्येक सिनेमात डोली होती. प्रत्येक डोली कुणाच्यातरी दारातून निघायची, आणि ते आमचं दार नसायचं. नायक बदलले, विनोद करणारे म्हातारे झाले, नायिकांच्या वेण्या गेल्या. धार्मिक सिनेमा आला तेव्हा लोक थिएटरच्या बाहेर जोडे काढून, डोकी झाकून आत बसले होते, मीही बसले होते, आणि देवाच्या गोष्टीतही माझं लक्ष मागच्या दारांकडे होतं. पुढे सिनेमात कुऱ्हाडी आल्या, जमिनीची भांडणं, घोडे, रक्त. सरदारजी म्हणायचे, आता यात तुझी आई कशी असेल, ती तर आपल्या म्हशीलाही मारायची नाही. मग वाईट दिवस आले, संध्याकाळी बाहेर पडायची सोय राहिली नाही, थिएटरं ओस पडली. एक तर गोदाम झालं. सगळं निवळल्यावर कॅनडातल्या मुलांचे नवे सिनेमे आले, रंगीत, चकचकीत. त्यांत डोलीच्या जागी फुलं लावलेल्या लांबलचक मोटारी. सरदारजी तोवर गेले होते. मी शोधणं सोडलं होतं असं मी म्हणायची. पण टीव्हीवर कुठे काळा-पांढरा सिनेमा दिसला की हातातलं काम हळू व्हायचंच.

दुसऱ्यांदा थेंब घातल्यावर मी नर्सला विचारलं, सिनेमाचं नाव काय होतं? तिने दुसरीला विचारलं, दुसरीने कंपाउंडरला. कुणालाच माहीत नव्हतं. कंपाउंडर म्हणाला, "माताजी, हे चॅनेल दुपारचा सिनेमा दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला परत लावतं. आम्हाला सगळं दोनदा बघावं लागतं." सकाळी दहा. साडेनऊला माझं ऑपरेशन होतं. आणि त्यानंतर काही दिवस डोळ्यावर पट्टी, दुसऱ्या डोळ्याने आधीच काही धड दिसत नव्हतं.

संध्याकाळी जेवताना मी म्हटलं, मी उद्या येत नाही. हरचरण, माझा मुलगा, घास हातात धरून बघत राहिला.

"बीजी, भीती वाटतेय का? दहा मिनिटांचं काम आहे."

"भीती नाही. मला सिनेमा बघायचा आहे."

"कसला सिनेमा?"

"पंजाबी."

"अगं परविंदर, ऐकलंस? दोन महिने थांबून तारीख मिळालीय, आणि आमच्या बीजींना सिनेमा बघायचाय! अहो, डोळे मोठे की सिनेमा?"

"मग डोळे करून घ्यायचे कशासाठी?" मी म्हटलं. मला एवढ्या मोठ्याने बोलायचं नव्हतं. नातीने कानातली तार काढली.

"ऑपरेशन झालं की शंभर सिनेमे बघा. आणून देतो."

"हा नाही मिळणार."

"का नाही मिळणार? नाव सांगा."

"नाव माहीत नाही."

"घ्या!" हरचरणने नातीकडे बघून हात पसरले. "नाव माहीत नाही, गोष्ट माहीत नाही, पण ऑपरेशन रद्द."

परविंदरने त्याच्या ताटात रोटी टाकली. "तुम्ही मॅचसाठी माझ्या भावाच्या साखरपुड्याला उशिरा आला होता," ती म्हणाली. "खा आता."

"ते वेगळं होतं."

"त्यात माझी आई आहे," मी म्हटलं.

मी मुलाला हे कधी सांगितलं नव्हतं. का नव्हतं कोण जाणे. सरदारजींना सांगितलं तेव्हा ते सांगणं एकदा होऊन गेलं होतं, आणि नंतर ते आमच्या दोघांचं झालं होतं, आमच्या संध्याकाळचं. हरचरणने हातातला घास ताटात परत ठेवला. मग म्हणाला, "सिनेमात? माझी नानी?" त्याने तिचं नाव घेतलेलं मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. नाव म्हणजे काय, नुसती नानी. मग उठला, हात धुतले, आणि आतल्या खोलीतून फोनवर बोलताना त्याचा आवाज आला, नाही डॉक्टरसाहेब, घरात एक काम निघालंय.

सकाळी परविंदरने मला टीव्हीच्या पुढे इतकं जवळ बसवलं की माझे गुडघे टेबलाला लागत होते. केबल सुरुवातीला नव्हती. हरचरण गच्चीवर जाऊन आला, केबलवाल्याला फोनवर काहीबाही बोलला, मग चित्र आलं. पाट्या निघून गेल्या होत्या. मला त्यांचं काही नव्हतं. सिनेमा माझ्या डोळ्यांतून जसा दिसायचा तसा दिसत होता, काचेवर कुणीतरी श्वास सोडल्यासारखा, आणि मी डोकं कलतं केलं की मधली जागा थोडी स्वच्छ व्हायची. विनोद करणारा आला. परविंदर हसली. मला कालचा त्याचा आवाज आठवत होता, म्हणून मला आधीच कळलं की आता ढोल.

आणि दार आलं. आमचंच. मी पुढे वाकले, तशी परविंदरने माझा हात धरला. मामांचे हात आले, दुधातून बांगडी काढणारे, रुंद, नखांत माती. माझे हात आले. ते मला ओळखू आले नाहीत. ती लाल, म्हणजे पडद्यावर काळी, वाकलेली मुलगी कुणीही असू शकली असती. मला तिच्याबद्दल काही वाटलं नाही. ती उठली, भावांनी धरलं, ती चालायला लागली, आणि मी तिच्याकडे बघतच नव्हते. मी तिच्या मागे बघत होते. त्या वयात मला जिथे बघायची मनाई होती तिथे.

उंबऱ्यापाशी मुलीने ओंजळभर तांदूळ डोक्यावरून मागे टाकले. माहेर भरलेलं राहावं म्हणून टाकतात, आणि आई ते ओटीत झेलते. सिनेमातली आई पुढे होती, ओढणी पसरून, गालांवर मोठमोठे थेंब. तांदूळ तिच्या ओढणीत पडले. तिच्या मागे, जरा डावीकडे, बायकांच्या घोळक्यातून एक बाई अर्धी बाहेर आली होती. उंच, बारीक. तिनेही ओढणी पसरली होती.

तिला कुणी सांगितलं नव्हतं. तिथे ती कॅमेऱ्यात यायचीही नव्हती. ती रडत नव्हती. हसतही नव्हती. तिचं तोंड कामात असलेल्या माणसाचं होतं, एकही दाणा खाली पडू नये अशा काळजीत असलेल्या माणसाचं, आणि दाणे तिच्यापर्यंत पोचत नव्हते. पुढच्या बाईच्या ओढणीतच सगळे पडत होते. ती आणखी पुढे वाकली. तिने ओढणी आणखी लांब केली. मग कडेने कुणाचातरी हात आला, बाहीचा, पुरुषाचा, शूटिंगवाल्यांपैकी कुणाचातरी, आणि त्याने तिला कोपराला धरून मागे घेतलं. ती गेली, पण मान डोलीकडेच होती, आणि ओढणी तशीच पसरलेली.

"कुठली बीजी?" परविंदर विचारत होती. "कुठली त्यांतली?"

"मागची. जिला ओढलं."

"ती?" परविंदर पुढे झाली. "ती कशी? बीजी, ती तर पोरगी आहे! माझ्यापेक्षा लहान आहे ती."

होती. माझ्या डोक्यात आई नेहमी माझ्याहून मोठी होती, दरवर्षी माझ्याबरोबर तिचंही वय वाढत गेलं होतं, गुडघे दुखायला लागले होते, केस पिकले होते. आणि इथे ही उभी होती, सदतीसची, परविंदरच्या धाकट्या बहिणीसारखी, खांद्याची हाडं वर आलेली. कुणीतरी तिला कोपराला धरून बाजूला करत होतं आणि ती ऐकून घेत होती. मला तिच्याकडून काहीतरी हवं होतं, इतकी वर्षं, आणि आता मला वाटत होतं की जाऊन त्या माणसाचा हात झटकावा, म्हणावं, सोड तिला, घेऊ दे. तिला अंगणातून आत न्यावं, बसवावं, पाणी द्यावं.

पण डोली दाराबाहेर पडली आणि कॅमेरा तिच्याबरोबर गेला. ऊस, कालवा, भोयांचे पाय. सासरचं दार आलं, सासरच्या बायका आल्या, आणि नवऱ्याने घुंगट उचलला तेव्हा आत मुंबईची नटी होती, हसत.

"बघितली का?" हरचरण दारात उभा होता, गाडीची किल्ली हातात. "मी कुठली तेच बघत राहिलो. कुठली होती?"

"गेली," परविंदर म्हणाली. "मी दाखवेन नंतर."

"नंतर कुठून दाखवणार?" तो चिडून म्हणाला, आणि चिडला म्हणून त्यालाच वाईट वाटलं. तो येऊन जमिनीवर बसला, माझ्या पायांशी, लहानपणी बसायचा तसा. परविंदरने रिमोट उचलला.

"राहू दे," मी म्हटलं. "पुढे येईल ती."

"बीजी, आता सासरची गोष्ट आहे सगळी."

"एकदा तरी माहेर दाखवतील. मुलीची खुशाली कळवायला कुणी जाईल ना घरी."

कुणी जात नव्हतं. सासू वाईट निघाली. दीर नाटकात काम करायचा, त्यावरून भांडण झालं. नायक शहरात गेला, परत आला. जत्रेत कुस्ती झाली. विनोद करणाऱ्याचं लग्न ठरलं आणि मोडलं आणि पुन्हा ठरलं. नायिका एका दृश्यात खिडकीपाशी उभी राहून दूर बघत होती, तेव्हा हरचरण म्हणाला, "आता. आता जाईल माहेरी." ती गेली नाही, तिने गाणं म्हटलं. आमच्या घराचं अंगण मागे कुठेतरी होतं, तांदूळ झाडून झालेले असतील, आणि त्यात ती उभी होती. तिला तिथून आत जाताना मी पाहिलं नव्हतं, आणि जोवर पाहत नाही तोवर ती तिथेच उभी राहणार असं मला वाटत होतं. परविंदरने चहा आणला. कुणी घेतला नाही. कारखान्यातून फोन आला, हरचरणने तो बघितला आणि उलटा ठेवला. सासू शेवटी सुधारली, सगळे एका खाटेभोवती जमले आणि हसायला लागले.

"संपत आला, बीजी," परविंदर हळूच म्हणाली.

"थांब," हरचरण म्हणाला. "अजून आहे जरासा."

आणि आम्ही तिघं, त्या हसणाऱ्या माणसांतलं कुणीतरी अजून उठेल आणि त्या घराकडे जायला निघेल म्हणून, पडदा काळा होईपर्यंत बसून राहिलो.